नकाशातली साळुंकी: एका मराठी भूमिका-खेळात खुलं काय आणि राखीव काय

गेल्या पावसाळ्यात लातूरहून टपालाने एक पाकीट आलं. आत बत्तीस पानांची, मध्ये दोन पिना मारलेली पुस्तिका आणि वहीच्या कागदावर लिहिलेली चिठ्ठी होती. ‘ताई, तुमच्या खेळावर आम्ही नवी मोहीम लिहिली. कॉलेजात ६० रुपयांना विकायला ठेवली, सगळ्या प्रती गेल्या. ही एक तुमच्यासाठी ठेवली होती.’ मी दारातच वाचायला लागले. देवगिरीहून निघालेला जासूद खरोशाच्या लेण्यांपर्यंत पोचतो आणि तिथे त्याच्या थैलीतला लेख कोरा निघतो, अशी ती मोहीम. हा खेळ लिहिणाऱ्या आम्हा चौघांपैकी कुणालाही सुचली नसती, इतकी चांगली.

नवव्या पानावर आमचा देवगिरीचा नकाशा होता. झेरॉक्स काढून, लहान करून बसवलेला. पानात मावावा म्हणून त्याची उजवीकडची खालची कड कापली होती. त्या कोपऱ्यात आमच्या चित्रकाराने एक साळुंकी काढलेली असते. प्रत्येक चित्रात काढतो, सहीऐवजी. इथे साळुंकी गेली होती आणि तिच्या पायाचं एक टोक तेवढं कागदावर राहिलं होतं.

मी पुस्तिका त्याच्यापुढे ठेवली. त्याने त्या टोकावर बोट ठेवलं, काही बोलला नाही, आणि चहा न घेताच खुलताबादला परत गेला.

पुढचे पाच-सहा महिने आम्ही जे काही शिकलो ते त्या दिवसापासून. मराठीत असे खेळ लिहिणारे आता गावोगावी दिसायला लागलेत. त्यांच्यावर हीच वेळ येईल, म्हणून सगळं प्रकरण जसं घडलं तसं मांडते आहे.

खेळ कसा आहे

ज्यांनी टेबलटॉप आरपीजी, म्हणजे गोल बसून खेळायचा भूमिका-खेळ, कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण गोल बसतात. एक जण सूत्रधार, बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळणारे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जिथे जमेल की नाही याची खात्री नसते तिथे फासे ठरवतात. पटावर सोंगट्या नसल्या तरी चालतं. लागतं ते एक नियमांचं पुस्तक, आणि मोहिमा, म्हणजे खेळण्यासाठी आधी रचून ठेवलेल्या गोष्टी.

आमच्या खेळात फाशांऐवजी कवड्या आहेत. वीस पैलूंचा फासा इथल्या दुकानात मिळत नाही, मागवावा लागतो. कवड्या तुळजापूरच्या बाजारात हव्या तितक्या मिळतात, देवीच्या आराध्यांच्या गळ्यात माळाच असतात. पात्राला एखादं काम जितकं येतं तितक्या कवड्या हातात घ्यायच्या आणि टाकायच्या. तीन किंवा जास्त उताण्या पडल्या की काम झालं. कवडी नाण्यासारखी निम्मी-निम्मी पडते असं धरलं तर पाच कवड्यांवर बरोबर निम्मी संधी मिळते, चारांवर १६ पैकी ५, आणि सहांवर ६४ पैकी ४२. म्हणजे एक कवडी वाढली की पात्र किती सुधारलं ते हाताला कळतं. खरी कवडी तशी सरळ पडत नाही, पोटाच्या आणि पाठीच्या गोलाईवर बरंच असतं. म्हणून पुस्तकात लिहिलं आहे की एका मापाच्या घ्या, नाहीतर सरळ नाणी वापरा.

पहिली मोहीम मिठाच्या गोण्यांची. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला, रामदेवराय गडावर कोंडला गेला, आणि धान्य म्हणून वर चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं, ही गोष्ट मराठवाड्यात लहानपणापासून कानावर असते. आमच्या मोहिमेत खेळणारे कोठीवरचे नोकर असतात. गोणी फाडून मीठ पहिल्यांदा बघणारे तेच.

आम्ही चौघे. नियम मी लिहिते. मोहिमा परभणीचा मित्र लिहितो. चित्रकार खुलताबादला चित्रकला शिकवतो. पानं लावते ती मैत्रीण औरंगपुऱ्यात डीटीपीचं काम करते.

मुखपृष्ठ एक बोलतं, शेवटचं पान दुसरंच

पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आम्ही मोठ्या हौसेने छापलं होतं: ‘नियम मोफत. हवे तसे वापरा.’ शेवटच्या पानावर ‘सर्व हक्क राखीव’. ते कुणी ठरवून घातलं नव्हतं. मराठी पुस्तकात ते असतंच, म्हणून आधीच्या कुठल्यातरी पुस्तकाच्या फाईलमधून आलं आणि राहिलं.

लातूरच्या पोरांनी मुखपृष्ठ वाचलं. मी फोन केला तेव्हा पलीकडची मुलगी गोंधळून म्हणाली, ‘ताई, कव्हरवर तर मोफत लिवलंय की.’ तिचं बरोबर होतं. नियम कुठे संपतात आणि नकाशा कुठे सुरू होतो, हे आम्ही एका ओळीनेही सांगितलं नव्हतं.

परभणीच्या मित्राला मात्र नोटीस पाठवायची होती. नकाशापेक्षा त्याचं दुखणं वेगळं होतं, ते पुढे येईल. त्याच्याच ओळखीच्या एका वकील काकांकडे आम्ही गेलो. काकांनी पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. विचारलं, ‘नकाशा कुणाचा?’

‘आमचा.’

‘कागद दाखवा.’

कागद नव्हता. चित्रकाराने नकाशा दोन महिने खपून काढला, आम्ही छापला, पैशाचा विषय कधी निघाला नाही. काकांनी कॉपीराइट कायदा, १९५७ काढून दाखवला. कलम १७ प्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम असेल किंवा मोबदला देऊन चित्र काढून घेतलं असेल, तर अपवाद लागू शकतात. आमच्यात नोकरी नव्हती आणि मोबदलाही नव्हता. नकाशा ही या कायद्यात रेखाचित्रासारखीच कलाकृती आहे. तेव्हा नकाशा चित्रकाराचा. लातूरकरांना हरकत घ्यायची तर ती त्याने घ्यायची, आम्हाला तो अधिकारच नव्हता. आणि नीट बघितलं तर पहिल्या आवृत्तीत तो छापायची लेखी परवानगी आम्हीही घेतली नव्हती.

दुसऱ्यावर बोट दाखवायला गेलेले आम्ही तिथून खाली मान घालून निघालो. चित्रकाराला मी त्याच संध्याकाळी फोन केला आणि माफी मागितली. ती मला सगळ्यात आधी मागायला हवी होती.

काकांनी आणखी एक गोष्ट समजावली. ती छोट्या प्रकाशकाला फार लागू आहे. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं लिहिलेलं नसेल, ते आपोआप सुटतात. नोकरी सांभाळून रात्री खेळ लिहिणाऱ्यांचं पुस्तक वर्षभरात निघतंच असं नाही. कलम ३०अ मुळे हेच सगळं परवान्यालाही, म्हणजे लायसन्सलाही, जरूर त्या फेरफारांनी लागू होतं. ‘वापरा मोफत’ एवढं छापून आपण जन्मभराची मोकळीक दिली असं आम्हाला वाटत होतं. प्रत्यक्षात मुदत, प्रदेश, काय दिलं, काय नाही, यातलं एकही आम्ही लिहिलं नव्हतं.

तेवीस वर्षांचा एक शब्द

याच सुमारास मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या लायसन्सवरून अमेरिकेत झालेला गाजलेला तंटा नीट वाचला. वरवर माहिती होतीच, आमच्यापुरता त्याचा अर्थ आत्ता कळला.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. तो काढणारी टीएसआर कंपनी डबघाईला आली आणि १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने ती घेतली. १९९९ मध्ये विझार्ड्सलाच खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रोने घेतलं. २००० साली तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा तिथल्या रायन डान्सी यांनी एक धाडसाची गोष्ट करवली: नियमांचा गाभा वेगळ्या दस्तऐवजात काढून ओपन गेम लायसन्सखाली सगळ्यांना दिला. हिशोब सरळ होता. मोहिमांची पुस्तकं करायला खर्च फार आणि खप थोडा. खपतं ते मूळ नियमपुस्तक. मग मोहिमा इतरांना लिहू द्याव्यात, प्रत्येक मोहीम शेवटी मूळ पुस्तकाकडेच गिऱ्हाईक पाठवते. शिवाय कंपनी बुडाली तरी खेळ बुडू नये, हीही त्यामागची तळमळ होती.

त्या लायसन्सने पुस्तकाचे दोन भाग पाडले. एक खुला मजकूर. दुसरा ‘प्रॉडक्ट आयडेंटिटी’, म्हणजे पात्रांची नावं, जग, चित्रं, बिहोल्डरसारखे त्यांनीच घडवलेले राक्षस. दोन्ही एकाच पुस्तकात ठेवता येत होते, फक्त खुलं काय ते स्पष्ट दाखवायचं होतं. इथेच पुढे घोळ झाले. कित्येक प्रकाशकांनी ‘नियम सगळे खुले, नावं सगळी बंद’ अशा धर्तीचं एक मोघम वाक्य टाकलं, आणि ज्या मंत्राचं नावच बंद तो मंत्र खुला असून वापरायचा कसा, हे वाचणाऱ्याला कळेना. आमचं मुखपृष्ठ आणि शेवटचं पान मला तिथेच दिसलं.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीला विझार्ड्सने वेगळं, जास्त आवळलेलं लायसन्स लावलं. तेव्हा पायझो या कंपनीने जुन्याच खुल्या नियमांवर उभं राहून २००९ मध्ये पाथफाइंडर काढला, आणि तो मूळ खेळाचा तगडा प्रतिस्पर्धी झाला. खुलं केलेलं परत मिटता येत नाही, हे तेव्हा सगळ्यांना पटलं होतं.

जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्सच्या नव्या लायसन्सचा मसुदा बाहेर फुटला. त्यात वर्षाला साडेसात लाख डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असणाऱ्यांकडून वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत हिस्सा मागितला होता, आणि जुनं लायसन्स यापुढे ‘अधिकृत’ नाही असं म्हटलं होतं. सगळी खडाजंगी एका शब्दावर आली. जुन्या लायसन्समध्ये ‘परपेच्युअल’ असं लिहिलं होतं, म्हणजे कायमचं. ‘इर्रिव्होकेबल’, म्हणजे परत न घेता येणारं, हा शब्द नव्हता. कायमचं दिलेलं परत घेता येतं का, यावर लहान-मोठ्या प्रकाशकांच्या पोटात गोळा आला. खेळणारे इतके खवळले की त्याच महिन्याच्या २७ तारखेला विझार्ड्सने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचा नियम-दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या श्रेयनिर्देश ४.० परवान्याखाली, म्हणजे श्रेय देऊन कुणीही वापरावा अशा अटीवर, दिला. त्या परवान्यात ‘परत न घेता येणारा’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. जूनमध्ये पायझोने पुढाकार घेतलेलं ओआरसी (ओपन आरपीजी क्रिएटिव्ह) लायसन्स तयार झालं. त्यात खेळाची यंत्रणा मूळातच खुली आणि नावं, कथा, चित्रं मूळातच राखीव धरली आहेत, वेगळं सांगायची गरज पडत नाही.

मैत्रीण म्हणाली, ‘इतक्या मोठ्या कंपनीचं हे, आपलं काय घेऊन बसलीस?’ मला तसं वाटत नाही. तेवीस वर्षं हजारो लोकांनी एका शब्दावर विश्वास टाकून घरं चालवली. लातूरच्या पोरांनीही आमच्या एका वाक्यावर विश्वास टाकून प्रती छापल्या होत्या. त्यांचे पैसे कमी असतील, विश्वास त्याच जातीचा होता.

अंबाजोगाई

लातूरकरांशी समोरासमोर बोलायचं ठरलं. अंबाजोगाई त्यांना जवळ, आम्हाला लांब, पण चूक आधी आमची होती तेव्हा आम्हीच जायचं. चित्रकारही आला. पोरं पाच जण होती, घाबरलेली. ज्याने कड कापली होती तो मुलगा चित्रकारासमोर उभा राहून म्हणाला, ‘सर, ती साळुंकी सही आहे हे ठाऊकच नव्हतं. डिझाइन वाटलं.’ चित्रकार हसला. त्या महिन्यात पहिल्यांदा.

मग त्याने नकाशा कसा काढला ते पोरांना सांगितलं, आणि मलाही ते तेव्हाच नीट कळलं. आजच्या देवगिरीतून त्याने चाँद मिनार वगळला, मेंढा तोफ वगळली, चिनी महाल वगळला, कारण हे सगळं नंतरचं. तासलेला कडा आणि अंधारी मार्ग ठेवला. कोठी कुठे असेल त्याचा त्याने अंदाज केला, गोण्या वाहणाऱ्या माणसाला कुठली चढण झेपेल ते स्वतः चढून बघितलं. नकाशातली कोठी ही त्याची कल्पना आहे, इतिहासात तिची खूण नाही. आणि पोरांची मोहीम त्या कोठीपासूनच सुरू होत होती.

इथे आम्हाला रेघ सापडली. देवगिरी कुणाचा नाही. गडाची मांडणी, १२९६ ची स्वारी, मिठाची गोष्ट, यांच्यावर आम्हाला हक्क सांगता येत नाही आणि सांगूही नये. उद्या कुणीही गडावर जाऊन आपला नकाशा काढावा, आपल्या मिठाच्या गोण्या लिहाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात हेच सांगितलं: कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना यांवर कॉपीराइट नसतो, त्या कुठल्या रूपात मांडल्या त्यावर असतो. कवड्या टाकून तीन उताण्या मोजायची पद्धतही या न्यायाने आमची मालमत्ता नाही. आमची आहे ती फक्त आम्ही लिहिलेली वाक्यं. म्हणजे मुखपृष्ठावर आम्ही जे उदारपणे ‘मोफत’ दिलं होतं, त्यातलं बरंचसं लोकांचं आधीच होतं. तरी ती वाक्यं परवान्याने खुली करणं मला गरजेचं वाटतं. नाहीतर नवा लिहिणारा प्रत्येक नियम स्वतःच्या शब्दांत फिरवून लिहीत बसतो, आणि दोन पुस्तकांतले नियम किंचित वेगळे होऊन सूत्रधाराची पंचाईत होते.

कुठला परवाना, यावर तिथेच चहावर चहा झाले. मैत्रिणीचं म्हणणं, अव्यावसायिक अट घालू, कुणी मोठा प्रकाशक आयतं उचलेल. पण त्या अटीत सगळ्यात आधी अडकली असती ती पोरांची ६० रुपयांची पुस्तिका, कारण झेरॉक्सचा खर्च काढायला विकणं म्हणजेही विकणंच. ‘तसंच पुढे खुलं ठेवा’ ही अट मला एकेकाळी फार आवडायची. पोरांनी विचारलं, ‘म्हणजे आमची मोहीमपण खुली करायची? मग लेखक म्हणून आमचं काय?’ त्यांनी रात्री जागून लिहिलेलं त्यांनी राखावं की द्यावं हे त्यांनाच ठरवू द्यावं, असं शेवटी मला पटलं. श्रेयनिर्देश ४.० ठरला: वापरा, बदला, विका, श्रेय द्या, परवान्याचा दुवा द्या, आणि बदल केले असतील तर तसं लिहा.

दोन फायली

क्रिएटिव्ह कॉमन्सची अडचण अशी की ज्या फाईलवर तो शिक्का माराल ती सगळीच फाईल त्याखाली गेली असं वाचणारा धरतो. वेगळं काही असेल तर एकेक दाखवावं लागतं, आणि झेरॉक्समध्ये ते दाखवणं टिकत नाही. म्हणून आम्ही पुस्तक फोडलं. नियमांची फाईल वेगळी: बेचाळीस पानं, नुसता मजकूर, चित्र नाही, नकाशा नाही, एकाही पात्राचं नाव नाही. उदाहरणांत सुद्धा ‘एक कोठीवाला’, ‘एक जासूद’. ही फाईल पूर्ण खुली. छापील पुस्तक वेगळं. त्यात नियम, चित्रं, मोहीम सगळं. प्रत्येक पानाच्या तळाला मैत्रिणीने बारीक टायपात एक शब्द टाकला आहे, ‘खुलं’ किंवा ‘राखीव’. पुस्तकाचं एक पान सुटं होऊन कुणाच्या हातात गेलं तरी कळावं.

खेळाचं नाव राखीव आहे. श्रेयनिर्देश परवान्याने ट्रेडमार्क दिला जात नाही, आणि आमच्या नावाने कुणी भलतंच पुस्तक काढू नये हे योग्यच आहे. पण जुन्या ओपन गेम लायसन्समध्ये मूळ खेळाशी जुळतं असं नाव घेऊन सांगायलाही वेगळी परवानगी लागायची, त्यामुळे प्रकाशक ‘जगातल्या सगळ्यात लोकप्रिय खेळासाठी’ असं आडून लिहायचे. आम्हाला उलट हवं होतं. पोरांनी आमचं नाव सरळ घ्यावं: ‘अमुक खेळासोबत खेळायची मोहीम’. तेवढ्या वाक्याची परवानगी आम्ही छापूनच टाकली.

नकाशाचा कागद चित्रकाराने स्वतः सुचवला. हक्क त्याचेच राहतात. आम्हाला छापायचा परवाना आहे, जगभर, मुदत लिहून, आणि वर्षभर वापरला नाही तरी सुटणार नाही असं स्पष्ट लिहून. इतरांसाठी त्याने एक वाक्य घातलं, ते जसंच्या तसं देते: ‘या खेळाच्या मोहिमेत हा नकाशा ५०० प्रतींपर्यंत न विचारता छापावा, मात्र अख्खा, कड न कापता, साळुंकीसकट.’ राखीव म्हणजे बंदच असं नाही, हे मला त्या वाक्याने शिकवलं. परवानगी आधीच देऊन ठेवता येते.

आराधीण

आता परभणीच्या मित्राचं दुखणं. मिठाच्या मोहिमेत एक म्हातारी आराधीण आहे. तिला अंधारीतली वाट माहीत असते आणि ती वाचवण्यासाठी ती सगळ्यांशी खोटं बोलते. लातूरकरांनी तिला फितूर केलं. ती पैशासाठी वाट विकते. मित्राला हे झोंबलं. त्याने त्या पात्रात आपल्या आजीला पाहिलं होतं.

तो पैठणच्या नाथांना घेऊन आला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी बजावलं की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली. ‘नाथांनी जे केलं तेच मी मागतोय,’ तो म्हणाला. कायद्यातही त्याच्या बाजूने काही आहे: कलम ५७ प्रमाणे कर्त्याच्या मानाला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर हक्क विकल्यानंतरही त्याला हरकत घेता येते.

मी त्याला म्हटलं, नाथांनी मूळ पोथीत हात घालायला मना केलं, नवं लिहायला मना केलं नाही. ते स्वतः अभंग रचत राहिले आणि त्यावर ‘एका जनार्दनी’ अशी आपली मुद्रा घालत राहिले. पोथी शुद्ध राहावी आणि नवं जे असेल ते ज्याच्या त्याच्या मुद्रेनिशी यावं. खेळातलं पात्र तर दुसऱ्याच्या हाती देण्यासाठीच लिहिलेलं असतं. प्रत्येक बैठकीत आराधीण वेगळीच वागते, आणि ती फितूर निघालेली बैठक मी स्वतः बघितली आहे.

ठरलं ते असं. आराधीण आणि इतर पात्रं नावानिशी कुणाच्याही मोहिमेत येऊ शकतात, छापील आणि विकाऊसुद्धा. आमचा तिच्या वर्णनाचा उतारा उचलायचा नाही. आणि पहिल्या पानावर लिहायचं: ‘या मोहिमेतली आराधीण आमची आहे, मूळ पुस्तकातली नाही.’ मित्राने सही केली. पटलं नाही असं तो अजूनही म्हणतो, आणि त्याचं म्हणणं चूक आहे असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

ओवी

एक गोष्ट मात्र कुठल्याच फाईलमध्ये बसेना. मोहिमेच्या सुरुवातीला आराधीण जात्यावर एक ओवी म्हणते. ती मित्राच्या मावशीची, गोदाकाठच्या गावातली. पहिल्या आवृत्तीत ती ‘सर्व हक्क राखीव’च्या आत छापली गेली होती. हे माझ्या लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. लोकांचं गाणं आम्ही आमच्या कुलपात ठेवलं होतं.

खुल्या फाईलमध्ये टाकावी तर तेही चूक. परवाना द्यायचा तर आधी ती आपली असावी लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या, तिथे गाणाऱ्या बाईचं आणि गावाचं नाव नोंदवलेलं असतं. ते डोळ्यांपुढे ठेवून आम्ही मावशींकडे गेलो. नाव घालू का म्हणून विचारलं.

मावशी शेंगा निवडत होत्या. हात थांबला नाही. ‘ववी मही हाय व्हय लेकरा? मह्या आजीनं म्हनली, मायनं म्हनली, मी म्हनली. आता तू म्हन.’ थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘पर गावाचं नाव टाक.’

नव्या आवृत्तीत त्या पानाच्या तळाला ‘खुलं’ही नाही आणि ‘राखीव’ही नाही. ‘लोकांची ओवी’ असं आहे, खाली गावाचं नाव, आणि एक ओळ: आम्ही हिच्यावर कुठलाही हक्क सांगत नाही.

सध्या

लातूरच्या पोरांनी पुस्तिका पुन्हा छापली, अख्ख्या नकाशासकट, आराधणीचं वाक्य पहिल्या पानावर घेऊन. खरोशाच्या लेण्यांचा नकाशा त्यांनी या वेळी स्वतः काढला आहे. मोहिमेच्या मजकुराचे हक्क त्यांनी आपल्याकडे ठेवले, चक्रव्यूहासारख्या लेण्यात वाट शोधण्याचा जो नवा नियम त्यांनी बनवला तो मात्र खुला केला. तो आम्ही आमच्या पुढच्या आवृत्तीत घेतो आहोत, त्यांच्या श्रेयासह.

गेल्या महिन्यात देगलूरहून फोन आला. तिथल्या एका गटाला खेळ तेलुगूत न्यायचा आहे. नियमांसाठी विचारायची गरजच नव्हती, परवान्यात भाषांतर येतंच. नकाशावर मात्र गाडं अडलं. ‘अंधारी’, ‘कोठी’, ‘खंदक’ ही अक्षरं नकाशातच काढलेली आहेत. ती बदलायची म्हणजे नकाशा बदलायचा, आणि कागदात त्याबद्दल एक शब्द नाही. चित्रकाराला फोन लावला. तो म्हणाला, नवा कागद करण्यापेक्षा नवा नकाशाच करतो. आता तो चित्र आणि अक्षरं वेगवेगळ्या थरांत काढतो आहे, म्हणजे ज्याला हवी त्याने आपल्या भाषेतली अक्षरं वर बसवावीत. साळुंकी त्याने चित्राच्या थरात ठेवली आहे, आणि या वेळी कोपऱ्यात नाही, कोठीच्या छपरावर.